टोस्टची आच

प्रांजली निखाडेचा नवरा लोडर घेऊन तेलंगणात पळाला, हे वरुडपेठेत शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सोबत एक बाई होती हेही माहीत होतं. फक्त ती बाई कोण, यावर गावाचं कधी एकमत झालं नाही. हर्षल गेला त्याला आता सहा वर्षं झाली होती. गेला त्या संध्याकाळी प्रांजली भात झाकून त्याची वाट बघत बसली होती, आणि बोडखी टेकडीच्या बाजूने कसला तरी हॉर्न ऐकू येत होता, दबलेला, एकसारखा. तिचा थोरला भाऊ गजेंद्र तेव्हा तिच्याकडेच होता. "वजनकाट्यावर कोन्या ट्रकचा हॉर्न अडकला असन," तो म्हणाला आणि जेवायला बसला. कोळशाच्या गावात भोंगे, हॉर्न आणि सुरुंग कोण लक्षात ठेवतो? दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज बारीक होत होत बंद पडला, आणि त्याच संध्याकाळी गजेंद्रने हर्षल पळाल्याची बातमी आणली.

पुढची सहा वर्षं प्रांजलीने नवऱ्याला मनापासून शिव्या घातल्या. मंगळसूत्र काढून फेकलं, त्याचे कपडे वाटून टाकले, फोटो चुलीत घातला. राग माणसाला उभं ठेवतो. तिलाही त्याने उभं ठेवलं.

रागाच्या जोडीला गजेंद्र होता. गजेंद्र पाचभाई कागदोपत्री ट्रान्सपोर्टवाला. प्रत्यक्षात टेकडीच्या पोटात चोरून खणलेले बोगदे त्याचे, हर्षल तिथे कोळसा उचलायला चालवायचा तो लोडर त्याचा, तिथून निघणारा कोळसा त्याचा, आणि तो कुठे जातो हे न विचारणारे अधिकारीही त्याचेच. पण बहिणीवर त्याचा जीव होता, आणि तो जीव खोटा नव्हता. टेकडीच्या पायथ्याशी त्याने तिला बेकरी बांधून दिली, मुश्ताकभाईंसारखा मुरलेला कारागीर शोधून आणला. लहानपणी दोघं भाऊबहीण उपाशी झोपलेली. त्यामुळे जमिनीवर पावाचा तुकडा दिसला की गजेंद्र तो उचलून कपाळाला लावायचा. त्याच्या माणसांपैकी कोणाचा पाय अन्नाला लागला, तर त्याच्या कानाखाली जाळ निघायचा.

या बेकरीत एके दिवशी डॉ. सुनयना आत्राम काचा घेऊन आल्या. चंद्रपूरच्या कॉलेजात त्या भौतिकशास्त्र शिकवत. टेबलाएवढ्या दोन काचा, त्यांच्या एका बाजूला काळा रंग फासलेला.

"पाव नकोय मला," त्या म्हणाल्या. "तुमची भट्टी हवी आहे."

मुश्ताकभाईंनी प्रांजलीकडे बघितलं. उन्हाने बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. आकाशातून सतत बारीक कण बरसत असतात. दूर अवकाशातून येणारे किरण हवेच्या वरच्या थरांवर आदळतात, तेव्हा हे कण जन्मतात. म्यूऑन त्यांचं नाव. आपण हात पुढे केला, तर एवढ्याशा तळव्यातून दर सेकंदाला एखाददुसरा आरपार जातो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ते दगडातूनही जातात. पण जितका दगड जास्त, तितके वाटेत जास्त अडतात. म्हणून टेकडीच्या पायथ्याशी बसून, कुठल्या दिशेने किती कण आले हे कोणी इमानदारीने मोजलं, तर टेकडीच्या आतला फोटो निघतो. पोकळी असेल तिथून जास्त कण येतात, लोखंड असेल तिथून कमी. मोजणारं यंत्र म्हणजे या दोन काचा. मध्ये बारीक फट, फटीत वायू, आणि बाहेरच्या काळ्या लेपाला विजेचा जबर दाब. कण आत शिरला की त्या जागी अगदी बारीक ठिणगी पडते आणि तिची नोंद होते.

"मग घोडं कुठं अडलं?" प्रांजलीने विचारलं.

"लेपात. तो ग्रॅफाइटचा लेप सगळीकडे सारखा भाजला पाहिजे. एका कोपऱ्यात कच्चा, दुसऱ्यात करपलेला, असं झालं की यंत्र आंधळं होतं. भाजून झाल्यावर काच हळूहळू थंड झाली पाहिजे, नाहीतर तडकते. त्यासाठीची परदेशी भट्टी आमच्या कॉलेजच्या इमारतीपेक्षा महाग आहे."

मॅडमनी स्वस्तातले सगळे उपाय करून बघितले होते. इस्त्री फिरवली, लेप इस्त्रीला चिकटून आला. केस वाळवायच्या यंत्रासमोर दिवसभर काच धरली, हात तेवढा भाजला. डोशाचा तवा, गुऱ्हाळाची काहील, शेवटी चंद्रपूरचं ऊन. ऊन फुकट होतं आणि कडकही होतं, पण संध्याकाळी वारा सुटला आणि काच टण्णकन तडकली.

प्रांजलीने पहिली जोडी पावाच्या आचेवर लावली आणि दोन्ही काचांचा भुगा झाला. मॅडम रडवेल्या झाल्या. प्रांजलीने मात्र मुश्ताकभाईंकडे बघितलं आणि दोघांना एकदमच सुचलं.

बेकरीत टोस्ट कधी पेटत्या भट्टीत करत नाहीत. पाव निघाले, निखारे ओढून काढले, की भट्टीच्या विटांत जी ऊब उरते, तिच्यावर टोस्ट वाळतात. मूठभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकायचा. झटकन काळा झाला तर थांबा, सावकाश बदामी झाला तर पाव लावा, आणि पांढराच राहून नुसता खरपूस वास सुटला तर टोस्ट. मग भट्टीचं तोंड लिंपायचं आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही. टनावारी वीट तापलेली असते, ती घाईने निवत नाही आणि एका बाजूने निवत नाही. मॅडमनी आत उष्णतामापक ठेवून बघितलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन अंशांचाही फरक नव्हता. त्या दिवशी मॅडमनी सहा टोस्ट चहात बुडवून खाल्ले आणि सातवा बोलता बोलता चहातच विसरल्या.

हिवाळ्यात पहिलं यंत्र तयार झालं. चाचणीला समोर टेकडी होतीच. बेकरीची मागची भिंत थेट बोडखीकडे तोंड करून. कण कुठल्या दिशेने आला हे कळावं म्हणून मॅडमनी तीन काचजोड्या त्या भिंतीला उभ्या लावल्या, खाली नोंदींची पेटी ठेवली. मैदा उडून वायरींत जाऊ नये म्हणून प्रांजलीने वरून बटरपेपर लावला आणि पुढे टोस्टचा भलामोठा रॅक सरकवला. यंत्र टोस्टच्या आड बसून गुपचूप मोजत राहिलं. नव्या काचा भट्टीतून निघत होत्या, त्यांची चळत पुढच्या अंगणात रचली जात होती. कुठे गावाखाली खाण पोखरली आहे, कुठे रस्ता खचणार आहे, हे आता गावागावाला घरबसल्या कळणार होतं. मॅडमची स्वप्नं मोठी होती.

आणि इथे प्रांजलीने माती खाल्ली. भाऊ चहाला आला तेव्हा तिच्या पोटात राहिलं नाही.

"दादा, आपल्या भट्टीतल्या काचेनं डोंगराच्या पोटातलं दिसते म्हने."

गजेंद्रने बशी खाली ठेवली. "काय दिसते?"

"भोकं दिसते. लोखंड दिसते. मॅडम म्हनते, पुढच्या हप्त्यात फोटो काढून दाखवतो."

"वा," गजेंद्र म्हणाला. "मोठी शास्त्रज्ञ झाली माही बहीण." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला. चहा तसाच राहिला होता.

ते आले भर दुपारी. मे महिन्यात वरुडपेठेत दुपारी कुत्रंही रस्त्यावर नसतं, आणि तोंडाला दुपट्टा बांधलेल्या माणसाकडे कोणी वळून बघत नाही. नऊ-दहा जण होते. हातात लोखंडी सळया, दोघांकडे घण. एक शब्द न बोलता त्यांनी अंगणातली काचांची चळत फोडायला घेतली.

मुश्ताकभाई "अरे, अरे" करत पुढे झाले, त्यांच्या डोक्यात सळई बसली. ते भिंतीला धरून खाली बसले आणि कानामागून रक्त कॉलरमध्ये उतरू लागलं. मॅडम एका काचेवर आडव्या पडल्या. एकाने त्यांना केसांना धरून ओढलं, दुसऱ्याने त्यांचा उजवा हात ओट्यावर दाबला आणि मनगटावर घण घातला. हाड मोडल्याचा आवाज प्रांजलीने स्पष्ट ऐकला. घणवाले भट्टीकडे वळले. तोंडाची कमान ढासळली, आत थंड होत असलेल्या काचांचा चुरा झाला.

प्रांजली हाताला लागेल ते फेकत होती. वजनं, डबे, कणकेची परात. परात एकाच्या तोंडावर बसली, दात तुटला, त्याने तो थुंकला. मग ती त्याच्या अंगावरच धावली, नखांनी त्याचा दुपट्टा ओढू लागली. त्याने सळई उगारली आणि उगारलेलीच ठेवली.

"ताई, बाजूले व्हा," तो म्हणाला. तुटक्या दातातून, पण अदबीने.

एकजण मागच्या भिंतीकडे गेला. समोर टोस्टचा रॅक, वरपासून खालपर्यंत भरलेला. त्याने लाथ मारायला पाय उचलला आणि मागून दुसऱ्याने त्याची मान पकडली. "अबे, अन्न होय ते. दिसत नाई काय?"

पाय खाली आला. जाताना त्यांनी रॅकला धक्काही लावला नाही. एक टोस्ट खाली पडला होता, तो त्यातल्याच एकाने उचलून वर ठेवला.

दवाखान्यात मॅडमच्या हातावर प्लास्टर चढत असताना प्रांजली बाकावर बसून हिशेब लावत होती. मुश्ताकभाईंना टाके पडले. मॅडमचा हात मोडला. तिच्या अंगावर मात्र साधा ओरखडा नव्हता. दात पाडला तरी समोरच्याने हात उचलला नाही. वरुडपेठेत कोणाची बहीण असल्यावर माणसाला असं सोडतात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि अन्नाला पाय लावायचा नाही ही शिस्त कोणाच्या माणसांना आहे, हेही सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम डाव्या हाताने संगणक उघडून बेकरीत बसल्या. टोस्टमागची पेटी शाबूत होती आणि तिच्यात महिन्यांच्या नोंदी होत्या. पडद्यावर टेकडी उमटली. करडी, ओबडधोबड. तिच्या पोटात फिकट पट्टे होते: गजेंद्रचे बोगदे. मॅडम एकेक दाखवत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"हा बघा. हा बाकीच्यांना कुठेच जोडलेला नाही. वीस-पंचवीस मीटर लांब पोकळी, पूर्ण सरळ. आणि शेवटाला हा काळा गोळा. एवढं लोखंड नैसर्गिक नसतं."

प्रांजलीने तो गोळा बघितला. पुढे बुटकं रुंद काहीतरी, मागे उंच. हर्षल होता तोवर रोज संध्याकाळी हा आकार घराबाहेर येऊन थांबायची ती वाट बघायची: त्याचा लोडर.

"मॅडम, छत पडलं असन काय तिथं?"

"नाही. पडलं असतं तर ही पट्टी तुटली असती. पोकळी अखंड आहे. फक्त तोंडाशी बघा, इथे खडक नाही, भराव आहे. दगड-माती ठासून भरलेली. बाहेरून."

बाहेरून. प्रांजलीने तो शब्द मनात दोनदा म्हटला. पळाला नव्हता तो. सहा वर्षं ज्याला तिने शिव्या घातल्या, तो तिच्या बेकरीपासून हाकेच्या अंतरावर बसून होता.

तिने मॅडमना सगळं घेऊन नागपूरला वरच्या पोलिसांकडे पाठवलं. मग भट्टीची ढासळलेली कमान मातीने सावरून ती वाळवायला आत लाकडं पेटवली आणि भावाला फोन केला.

गजेंद्र आला तो कनवाळू होऊनच. तुटलेली भट्टी बघून चुकचुकला. दारात पडलेला पावाचा तुकडा उचलून कपाळाला लावला. "कोन होते ते हरामखोर? मी पाहून घेतो. तुले नवी भट्टी देतो, बिजलीची."

"दादा, हर्षल कोठी आहे?"

"आता मधातच त्याचं काय?"

"कोठी आहे?"

त्याने खुर्ची ओढली. आवाज खाली आला. हा आवाज तिला ठाऊक होता. लहानपणी आई गेली हे त्याने याच आवाजात सांगितलं होतं.

"छत पडलं त्याच्यावर. जागीच गेला. तुले कसं सांगू? चोरीची खान होती, सारेच अडकले असते. पळाला म्हटलं. त्याचा राग करशीन, पन जगशीन, असं वाटलं मले."

क्षणभर तिला वाटलं, हे खरं असावं. मनापासून वाटलं. मग तिने मोबाईलवरचं चित्र त्याच्यापुढे धरलं.

"छत कोठी पडलं, दाखव."

गजेंद्रने चित्र बघितलं. त्याला फिकट पट्टी कळली, काळा गोळा कळला, तोंडाचा भराव तर सगळ्यांत आधी कळला. त्याने मोबाईल तिच्या हातातून घेऊन फरशीवर आपटला आणि बुटाने चिरडला.

"अजून कोनं पाह्यलं हे?"

त्याने तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. दुसरी मारली. मग गळा धरून तिला भिंतीवर रेटलं. "त्या बाईले कोठी पाठवलं, सांग. सांग, प्रांजू." त्याचे डोळे भरून आले होते आणि बोटं आवळत होती. दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. हात मागे चाचपडला आणि भट्टीत खुपसलेल्या लोखंडी फावड्याच्या दांड्यावर पडला. तिने ते ओढलं, तसंच निखाऱ्यांनी भरलेलं, आणि त्याच्या छातीवर उपडं केलं.

टेरिकॉटचा शर्ट वितळून कातड्याला चिकटला. गजेंद्रने गुरासारखा हंबरडा फोडला आणि तो शर्ट ओरबाडू लागला. शर्टाबरोबर कातडी निघून आली. तिने फावड्याचं पातं आडवं करून त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला. पुन्हा घातलं, त्याच गुडघ्यावर.

"हॉर्न कोन वाजवत होता?"

"प्रांजू, पानी."

"हॉर्न कोन वाजवत होता, दादा?"

"तोच," गजेंद्र विव्हळला. "तपासनीचं पथक येऊन राह्यलं होतं. तोंड बुजवाले लावलं. तो आत आहे हे मागून समजलं. दोन दिवसांनी पथक गेलं का उघडतो म्हटलं होतं मी. आईची आन, उघडनारच होतो. मंग हॉर्न बंद झाला. मंग उघडून काय करू?"

प्रांजलीने फावडं डोक्यावर उचललं. खाली भावाचं डोकं होतं. दारात डोक्याला पट्टी बांधलेले मुश्ताकभाई उभे होते, मागे अर्धा मोहल्ला. कोणी तिला अडवायला पुढे झालं नाही. मुश्ताकभाईही नाहीत.

फावडं तिने स्वतःच खाली ठेवलं. "तुले मरू नाई देत," ती म्हणाली. "बोगद्याचं तोंड उघडतीन तेव्हा तू तिथं पाह्यजे." आणि घागर आणून त्याच्या छातीवर रिकामी केली.

पुढे जे झालं ते साऱ्या राज्याने बघितलं. मॅडमनी टोस्टच्या आचेची रीत सगळ्यांना खुली केली, आणि वर्षभरात शेकडो बेकऱ्यांतून काचा निघू लागल्या. कुठे धरणाच्या भिंतीतली पोकळी सापडली, कुठे मठाखालचं भुयार, कुठे पुढाऱ्याच्या फार्महाऊसखाली भलतंच काही. बेकऱ्या जाळल्या गेल्या, दोन कारागीर जिवानिशी गेले. सरकारने भट्टीत काच भाजायला परवाना लागेल असं फर्मान काढलं, आणि लोकांनी ते पावाच्या पुडीसारखं वापरून फेकून दिलं. जमीन आता पारदर्शक झाली होती. तिच्यावर पाय रोवून खोटं बोलणाऱ्यांना हे सहन होणार नव्हतंच.

बोडखीचं तोंड उघडलं ते त्याआधी, जूनच्या सुरुवातीला. गजेंद्रला दवाखान्यातून पोलिसांच्या गाडीतून आणलं होतं. छातीला बँडेज, पाय प्लास्टरमध्ये, हात बेड्यांनी गाडीच्या दांड्याला अडकवलेले. भराव उपसला गेला. आतली हवा बाहेर आली, जुनी आणि कोरडी. हर्षल लोडरच्या खुर्चीत होता. त्याला चादरीत गुंडाळून बाहेर आणलं तेव्हा तो फारच हलका होता. प्रांजलीने चादरीवर हात ठेवला आणि सहा वर्षांच्या शिव्यांबद्दल त्याच्याशी जे बोलायचं ते बोलली. ते कोणाला ऐकू गेलं नाही.

लोडर ओढून काढायचा तर त्याचे ब्रेक सोडवायला हवे होते. मेकॅनिक नवी बॅटरी घेऊन आत गेला. त्याने वायरी जोडल्या मात्र, आणि टेकडीच्या पोटातून हॉर्न वाजू लागला.

मेकॅनिक धडपडत बाहेर आला. हर्षलने हॉर्नच्या बटणात डब्यातला चमचा ठोकून बसवला होता आणि वरून रुमालाची गाठ आवळली होती. हात थकतील तेव्हाही तो वाजत राहावा म्हणून. बॅटरी संपली तेव्हा तो थांबला होता, एवढंच.

आता तो दबलेला नव्हता. बेकरीपर्यंत गेला, वजनकाट्यापर्यंत गेला, पार वरुडपेठेच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. लोक दारं उघडून बाहेर आले आणि टेकडीकडे बघत उभे राहिले. सहा वर्षांपूर्वी यातल्या प्रत्येकाने तो ऐकला होता.

"बंद करतो, ताई," मेकॅनिक म्हणाला.

"राहू द्या," प्रांजली म्हणाली.

ती पोलिसांच्या गाडीजवळ जाऊन उभी राहिली. गजेंद्र मान खाली घालून खांद्यांनी कान झाकायचा प्रयत्न करत होता, पण हात अडकवलेले होते आणि खांदे तिथवर पोचत नव्हते. बॅटरी नवी होती. हॉर्न संध्याकाळपर्यंत वाजत राहिला, आणि तोवर प्रांजली भावाशेजारून हलली नाही.